हात वर न करता उत्तर: वर्गात मत घेणाऱ्या तीन साधनांचे परीक्षण

"समजलं का?" असे महाविद्यालयाच्या वर्गात विचारले की काय होणार हे ठरलेले असते. पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी मान डोलावतात, मधले वहीत डोके घालतात, शेवटच्या रांगेतून कोणीतरी "हो मॅडम" म्हणतो आणि तास पुढे सरकतो. प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. त्या 'हो'मध्ये काही दम नव्हता हे मात्र दर सत्राच्या शेवटी उत्तरपत्रिका तपासताना कळत असे. हात वर करून उत्तर मागावे तर तेच तीन हात वर येतात. नाव घेऊन विचारावे तर ज्याचे नाव घेतले तो घाबरतो आणि बाकीचे सुटलो म्हणून निःश्वास टाकतात.

या कोंडीवर उपाय म्हणून वर्गातल्या प्रत्येकाकडून एकाच वेळी उत्तर घेणारी साधने पुढे आली. त्यांपैकी तीन मी गेली काही सत्रे सुमारे सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात आलटून पालटून वापरली: हातात मावणारा क्लिकर, विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर चालणारी थेट प्रश्नमंजूषेची सेवा आणि पुठ्ठ्याची चार रंगांची कार्डे. या साधनांच्या जाहिरातींमध्ये 'विद्यार्थ्यांचा सहभाग वाढतो' हे वाक्य हमखास असते. सहभाग म्हणजे नेमके काय याचा खुलासा तिथे नसल्याने माझी कसोटी आधीच सांगून ठेवते. वर्गात हशा किती पिकला, टाळ्या किती पडल्या, हे मी मोजलेले नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे असे एक उत्तर ठरवले का, ते चुकले तर आपण का चुकलो याचा त्याने शोध घेतला का, आणि तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत मला वर्गाविषयी असे काही कळले का, जे एरवी परीक्षेनंतरच कळले असते, एवढेच मी पाहिले.

तिन्ही साधनांमागची पद्धत एकच आहे आणि ती समजल्याशिवाय त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास ती वापरायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी कठीण गणिते सोडवत होते. पण बलाविषयीच्या अगदी साध्या, आकडे नसलेल्या संकल्पनात्मक चाचणीत तेच विद्यार्थी अडखळत होते, आणि हे पाहिल्यावर त्यांनी व्याख्यानाची घडीच मोडली. थोडे शिकवायचे, मग संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापले उत्तर कोणाशीही न बोलता द्यायचे, नंतर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हाच चर्चेला जीव असतो. त्याहून कमी असतील तर वाद घालायला कोणाकडे भांडवलच नसते, त्याहून जास्त असतील तर वादच उरत नाही. म्हणजे साधनाचे काम तसे मर्यादित आहे. पहिल्या फेरीचा अंदाज पटकन द्यावा आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसू देऊ नये.

क्लिकरपासून सुरुवात करते, कारण वयाने तोच थोरला. टीव्हीच्या रिमोटची धाकटी आवृत्ती म्हणावी असे हे यंत्र असते. त्यावर अक्षरांची चारपाच बटणे असतात, विद्यार्थ्याने बटण दाबले की रेडिओ लहरींवरून संकेत शिक्षकाच्या संगणकाला जोडलेल्या रिसीव्हरपर्यंत जातो आणि पडद्यावर स्तंभालेख उभा राहतो. इंटरनेट लागत नाही, हा त्याचा सर्वात मोठा गुण. दुसरा गुण असा की त्यावर उत्तर देण्यापलीकडे काहीच करता येत नाही. क्लिकर हातात असलेला मुलगा संदेश वाचू शकत नाही की क्रिकेटचा धावफलक पाहू शकत नाही, आणि या एका कारणासाठी मी त्याच्या बाजूने बराच काळ भांडले.

अडचण आहे ती यंत्राबाहेरची. सत्तर यंत्रांची पेटी वर्गात न्यायची, ती वाटायची, तासाच्या शेवटी मोजून परत घ्यायची, यात दर वेळी दहा मिनिटे सहज जातात आणि पन्नास मिनिटांच्या तासात ही चैन परवडत नाही. आठवड्यात एखाद्या यंत्राचा सेल संपतो, ज्याचा संपतो तो विद्यार्थी "मॅडम, माझं दबतच नाहीये" असे म्हणत अर्धा प्रश्न वाया घालवतो. यंत्रे विद्यार्थ्यांना कायमची देऊन टाकावीत तर ती घरी राहतात. माझ्या एका सत्रात यंत्रक्रमांक नावाशी जोडून उपस्थितीचे गुण त्यावर द्यायचे ठरले, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात एक विद्यार्थी दोन्ही खिशांत दोन दोन क्लिकर घेऊन बसलेला सापडला. चार मित्रांची हजेरी तो एकटा, अगदी इमानेइतबारे, प्रत्येकासाठी वेगळे बटण दाबून लावत होता. मी रागावले खरी, पण त्या तासाला सर्वाधिक कष्ट त्यानेच घेतले होते हेही मान्य करायला हवे.

गुणांचा प्रश्न या गमतीपुरता राहत नाही. क्लिकरच्या बरोबर उत्तराला गुण ठेवले की शेजाऱ्यांमधल्या चर्चेचा सूरच बदलतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या खगोलशास्त्राच्या वर्गांवरील एका अभ्यासात नोंदवले आहे. जिथे चुकीच्या उत्तराने गुण जात होते, तिथे जोडीतला एकच जण बोलत राहिला आणि दुसऱ्याने त्याचे ऐकून बटण दाबले. जिथे उत्तर देण्यालाच गुण होते, तिथे दोघांचे बोलणे बरेच समसमान झाले. माझ्या वर्गात मी दोन्ही करून पाहिले आणि अनुभव वेगळा आला नाही. गुण लावले त्या सत्रात वर्ग शांत होता, निकाल देखणे होते आणि चर्चेत मात्र "ती काय म्हणते तेच टाक" एवढेच ऐकू येत होते. क्लिकर घेणाऱ्या महाविद्यालयाने आधी या एका बाबतीत धोरण ठरवावे, खरेदी नंतर.

आता मोबाइलवरची सेवा. या प्रकारातले सर्वात ओळखीचे नाव म्हणजे २०१३ मध्ये नॉर्वेत सुरू झालेले कहूट. मी वापरलेली सेवा ती नव्हे, आणि पुढच्या तक्रारी माझ्या वर्गाच्या व माझ्या वापराच्या आहेत. अशा सेवांचा साचा सर्वसाधारणपणे असा असतो: पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक येतो, विद्यार्थी तो आपल्या मोबाइलवर टाकतात, टोपणनाव घेतात, प्रश्नासोबत उलटी गणती सुरू होते, पार्श्वभूमीला संगीत वाजते, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावे गुणफलकावर झळकतात.

पहिल्या तासाला या सेवेने जे केले ते क्लिकरला कधीच जमले नव्हते. मागच्या रांगेतली मुले, जी एरवी भिंतीला डोके टेकून बसतात, ती पुढे वाकून बसली. 'न्यूटनचा जावई' या टोपणनावाने कोणीतरी पहिला आला आणि तो कोण यावर पुढचे पाच मिनिटे वर्ग खदखदत होता. दुसऱ्या दिवशी दोन विद्यार्थिनींनी वाटेत थांबवून विचारले, "आज पण घेणार ना मॅडम?" शिक्षकाला असे विचारले जाणे ही काही रोजची गोष्ट नाही, त्यामुळे मी हुरळले आणि सलग तीन आठवडे जवळजवळ प्रत्येक तासाला ही प्रश्नमंजूषा घेतली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी गुणफलक बाजूला ठेवून प्रत्येक प्रश्नाची सविस्तर नोंद उघडली. या सेवा अशी नोंद ठेवतात आणि ती तपासली नाही तर सेवेचा निम्मा उपयोग फुकट जातो. वेगाला गुण असल्यामुळे बऱ्याच जणांनी प्रश्न पूर्ण वाचण्याइतका वेळही घेतलेला नव्हता. दोन ओळींच्या प्रश्नाला दोन सेकंदांत आलेले उत्तर विचारातून आलेले नसते. गुणफलकाच्या वरच्या पाचांत फिरून फिरून तीच सातआठ टोपणनावे होती, म्हणजे हात वर करणारे तीन विद्यार्थी आता सात झाले होते, एवढाच काय तो फरक. सर्वात जास्त टोचली ती एका विद्यार्थिनीची नोंद. तिची उत्तरे बहुतेक बरोबर होती. पण ती प्रत्येक वेळी वेळ संपता संपता आलेली, त्यामुळे गुणफलकावर ती कधीच दिसली नव्हती. आठव्या प्रश्नमंजूषेनंतर तिने उत्तरे देणेच थांबवले होते. विचार करून उत्तर देणाऱ्या मुलीला मीच मागे ढकलले होते आणि वर्गात हशा पिकतो आहे म्हणून माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

बक्षिसाची चटक लागली की मूळ गोष्टीतली गोडी ओसरते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्येच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दाखवले होते. कोडे सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी, पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्याकडे पूर्वीइतके लक्ष दिले नाही. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावरून जी मांडणी केली तीत माणसाच्या आतल्या प्रेरणेच्या तीन गरजा सांगितल्या आहेत: आपण स्वतः निवड करतो आहोत असे वाटणे, आपल्याला हे जमते आहे असे वाटणे, आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत असे वाटणे. गुणफलक यांतली दुसरी गरज पहिल्या पाचांपुरती भागवतो आणि उरलेल्या पासष्टांना दर तीस सेकंदांनी 'तुम्हाला जमत नाही' असे पडद्यावर लिहून दाखवतो.

हे सगळे वाचून सेवा बाद करावी असे मी म्हणणार नाही, कारण तिच्या सेटिंगमध्ये शिरल्यावर तिचा खरा उपयोग सापडला. उलटी गणती बंद करता आली, संगीत बंद झाले, वेगाचे गुण काढता आले आणि गुणफलकही लपवता आला. एवढे केल्यावर जे उरले ते साधे, नीटस मतदान होते. तरीही एक खोड गेली नाही: उत्तरे येताच पडद्यावर स्तंभालेख आपोआप उभा राहतो आणि चर्चेआधीच विद्यार्थ्यांना बहुमत कुठे आहे ते दिसते. पहिल्या फेरीचा निकाल दाखवला तर दुसऱ्या फेरीत विद्यार्थी बहुमताच्या उत्तराकडे अधिक झुकतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीवशास्त्राच्या वर्गांवरील एका अभ्यासात आढळले होते. माझ्या वर्गात तर स्तंभ उंच दिसला की चर्चा तिथेच संपत असे. शेवटी मी पहिल्या फेरीच्या वेळी प्रोजेक्टरच्या भिंगासमोर वही धरायला लागले. अत्याधुनिक सेवेवर दोनशे पानी वहीचा उतारा, पण चालला.

याच सेवेतली जी सोय मी सर्वात कमी महत्त्वाची समजत होते, ती सर्वात मोलाची निघाली. ती म्हणजे निनावी लेखी प्रश्न. तासाच्या शेवटी दोन मिनिटे मोकळी ठेवून 'आज सर्वात न कळलेली गोष्ट कोणती' एवढेच विचारायचे आणि उत्तरे फक्त माझ्या पडद्यावर घ्यायची. पहिल्यांदा उत्तरे सर्वांना दिसतील अशी ठेवली होती तेव्हा तिसरेच उत्तर 'मॅडमची साडी' असे आले आणि मी तो मार्ग तत्काळ सोडला. उत्तरे माझ्यापुरती ठेवल्यावर मात्र जे हाती आले त्याने माझे पुढचे तास बदलले. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, 'सदिश म्हणजे बाण काढायचा हे कळले, पण बाण कशाचा ते नाही कळले.' हे वाक्य हात वर करून कोणीही म्हणाले नसते. कागदाच्या चिठ्ठ्यांवर हाच प्रकार पूर्वीपासून चालत आला आहे, यात नवे काही नाही. पण चिठ्ठीवर हस्ताक्षर ओळखू येते आणि विद्यार्थ्यांना ते पक्के ठाऊक असते.

सेवेच्या इतर अडचणी थोडक्यात. सत्तर मोबाइल एकाच वेळी जोडले की वर्गातले नेटवर्क बसते आणि "माझं गोल गोल फिरतंय" हा घोष सुरू होतो. मोबाइल नसलेला, किंवा चार्जिंग संपलेला, किंवा मुद्दाम न आणलेला विद्यार्थी दर तासाला असतोच, आणि त्याला शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावायला सांगणे म्हणजे स्वतंत्र उत्तराच्या अटीवर पाणी सोडणे. शिवाय उत्तर देऊन झाल्यावर मोबाइल खाली ठेवला जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे साधन कार्डे. नेटवर्क बंद पडलेल्या एका सकाळी नाइलाजाने मी ती वापरली आणि तेव्हापासून ती माझ्या पिशवीत आहेत. लाल, निळा, पिवळा आणि हिरवा असे चार रंग, प्रत्येकावर ठळक अक्षरात अ, ब, क, ड, आणि मागची बाजू कोरी. प्रत्येकाने 'दाखवा' म्हणताक्षणी आपले कार्ड छातीशी, रंग माझ्याकडे करून धरायचे. मागे बसलेल्याला पुढच्याची कोरी पाठही दिसत नाही, कारण कार्ड डोक्यावर धरायचे नसते. हा नियम पहिल्याच तासाला पक्का करून घ्यावा लागतो, नाहीतर सगळे झेंडे फडकवल्यासारखे हात उंच करतात. अक्षर लिहिण्याचा शहाणपणा मला दुसऱ्या सत्रात सुचला, कारण पहिल्या सत्रात एक विद्यार्थी सतत लाल आणि हिरव्यात गोंधळत होता आणि त्याला ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत हे त्याने फार उशिरा, एकट्यात येऊन सांगितले.

कार्डांवर झालेला एक प्रश्न इथे सविस्तर सांगते, कारण साधनाची परीक्षा त्याच दिवशी झाली. प्रश्न जुनाच: चेंडू सरळ वर फेकला, तो सर्वात उंच बिंदूवर क्षणभर थांबला, त्या क्षणी त्याचे त्वरण किती? हवेचा विरोध नाही असे धरा. (अ) शून्य; (ब) खालच्या दिशेने, गुरुत्वीय त्वरणाइतके; (क) वरच्या दिशेने; (ड) खालच्या दिशेने, पण गुरुत्वीय त्वरणापेक्षा कमी. मी घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट थांबले आणि 'दाखवा' म्हटले. वर्ग लाल झाला. पूर्ण लाल नव्हे, पण निळी कार्डे शोधावी लागत होती. साधारण तिसरा हिस्सा निळी, दोनचार हिरवी, पिवळे एकही नाही. हा स्तंभालेख फक्त मला दिसत होता. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या सत्तर जणांना बहुमत कुठे आहे याचा पत्ता नव्हता आणि जे प्रोजेक्टरसमोर वही धरून साधावे लागले होते ते इथे बसण्याच्या रचनेनेच साधले.

"शेजाऱ्याला पटवा," एवढे सांगून मी बाकांमधून फिरायला लागले. चौथ्या बाकावरचा मुलगा ठामपणे सांगत होता, "वेग शून्य आहे ना, मग त्वरण कुठून येणार?" शेजारची मुलगी थोडा वेळ गप्प होती. तिचे कार्ड निळे होते, पण का निळे हे तिलाही नीट सांगता येत नसावे. मग ती म्हणाली, "बरं, वेगही शून्य आणि त्वरणही शून्य. मग तो चेंडू खाली येतो कशाला? तिथंच लटकून राहायला हवा." मुलगा काही बोलला नाही. त्याने छताकडे पाहिले, जणू चेंडू तिथे लटकलेला होता, आणि बाकावरचे लाल कार्ड उलटे घालून निळे उचलले. दुसऱ्या फेरीत वर्ग बऱ्यापैकी निळा झाला. मी गेली कित्येक वर्षे हाच मुद्दा आलेख काढून, अवकलन करून समजावत आले होते. त्या मुलीने तो दोन वाक्यांत समजावला, कारण तो न समजण्याची अवस्था तिच्यापासून फार लांब नव्हती.

एकाला उत्तर माहीत असते आणि दुसरा ते उचलतो, एवढेच अशा चर्चेत होत असेल अशी शंका येणे रास्त आहे. २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गावर झालेल्या अभ्यासाने नेमकी हीच शंका तपासली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांनी एकेकट्याने सोडवला तेव्हा त्यांची कामगिरी सुधारलेली होती, आणि ज्या गटांत सुरुवातीला बहुधा कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हते तिथेही ती सुधारली होती. म्हणून मीही आता चेंडूच्या प्रश्नापाठोपाठ, चर्चा न करता, उतारावर वर ढकललेल्या गाडीचा प्रश्न टाकते.

कार्ड आणि क्लिकर यांची थेट तुलनाही झालेली आहे. कॅनडातील एका महाविद्यालयात नॅथॅनिएल लासरी यांनी एका गटाला क्लिकर आणि दुसऱ्याला कार्डे देऊन हीच सहाध्यायी चर्चेची पद्धत शिकवली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आहे तो शिक्षकाच्या सोयीचा. कार्डांची नोंद राहत नाही. कोणाचे कोणत्या प्रश्नाला काय उत्तर होते हे आठवड्यानंतर सांगता येत नाही, मोजणी नजरेच्या अंदाजाने होते, आणि वर्ग दोनशेचा असेल तर तो अंदाजही कोलमडतो. चार बाजूंना चार उत्तरे असलेली, शिक्षकाच्या मोबाइल कॅमेऱ्याने वाचता येणारी छापील संकेतांची कार्डेही मिळतात. मी ती दोनच तास वापरली, नोंद छान राहिली, पण सत्तर कार्डांवरून कॅमेरा फिरवताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहणे सुटले, म्हणून त्यांच्याविषयी अधिक बोलत नाही.

तिन्ही साधनांच्या वेष्टनावर छापायला हवा असा एक इशारा आहे. प्रश्न तुमचा तुम्हालाच तयार करावा लागतो. सेवांच्या तयार प्रश्नसंचांत व्याख्या आणि सूत्रे विचारणारे प्रश्न भरपूर असतात. 'बलाचे एकक कोणते' या प्रश्नावर शेजाऱ्याशी काय वाद घालणार? चालणाऱ्या प्रश्नाचा चुकीचा पर्याय असा हवा की तो निवडणाऱ्याला स्वतःचे उत्तर शंभर टक्के शहाणपणाचे वाटावे. असे पर्याय मनाने सुचत नाहीत. मी ते जुन्या उत्तरपत्रिकांतून, मुलांनी खरोखर केलेल्या चुकांतून गोळा करते, आणि एका चांगल्या प्रश्नाला माझी अर्धी संध्याकाळ जाते. एका तासात असे दोन, फार तर तीन प्रश्न होतात. पाठ्यक्रम पुरा होणार कसा, हा सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. मी सोडवलेली उदाहरणे वाचायला घरी देते आणि वर्गातून ती काढून टाकली आहेत.

दुसरी गोष्ट थांबण्याची. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तो वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तर उत्तरे लांब आणि विचारी होतात, हे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांचे शाळांतल्या वर्गांवरचे निरीक्षण अर्धशतक जुने आहे. कार्डांच्या बाबतीत थांबणे माझ्या हातात असते, उलटी गणती असलेल्या सेवेत ते सेटिंगच्या हातात जाते.

विद्यार्थ्यांच्या नाराजीलाही तोंड द्यावे लागते, हे नव्याने सुरू करणाऱ्याने धरून चालावे. माझ्या अभिप्राय अर्जांत एकाने लिहिले होते, 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.' सुरुवातीला हे फार लागले. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सक्रिय पद्धतीच्या वर्गातले विद्यार्थी चाचणीत जास्त शिकलेले दिसले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना स्वतःला वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि शेजाऱ्याशी अडखळत बोलताना काहीच कळत नसल्यासारखे. आता मी दुसऱ्याच तासाला हा निष्कर्ष वर्गाला सांगते आणि सोबत दुसरा आकडाही देते: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये झाले, त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के आणि सक्रिय पद्धतीच्या वर्गांत २१.८ टक्के होते. तक्रारी संपत नाहीत, पण त्यांचा सूर उतरतो.

कोणी काय घ्यावे, याविषयी माझे मत असे. शंभराच्या आतला वर्ग असेल आणि आजवर यांतले काहीच वापरले नसेल तर कार्डांनी सुरुवात करावी; प्रश्न बनवण्याचा हात बसेपर्यंत बाकी कशाची गरज नाही. वर्ग दोनशेच्या पुढे असेल, किंवा प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवून मागे पडणाऱ्यांना वेळीच गाठायचे असेल, तर क्लिकर अजूनही भरवशाचा आहे, मात्र बरोबर उत्तराला गुण न ठेवण्याच्या अटीवर आणि यंत्रे सांभाळायला माणूस मिळत असेल तरच. मोबाइलची सेवा घ्यायची तर पहिल्याच दिवशी गुणफलक आणि उलटी गणती बंद करावी आणि ती मुख्यतः निनावी प्रश्नांसाठी ठेवावी. संगीतासह, गुणफलकासह ती हवीच असेल, तर सत्राच्या शेवटच्या तासाला उजळणी म्हणून एकदा घ्यावी. तेव्हा कोणाचे फारसे बिघडत नाही आणि 'न्यूटनचा जावई' कोण होता तेही एकदाचे कळते.

माझ्यापुरते सांगायचे तर क्लिकरची पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि ती न्यायला दुसऱ्या विभागाचे सहकारी कधीमधी येतात. सेवा मी दर शुक्रवारी तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी उघडते. कार्डे रोजची. गुणफलकावर कधीच न दिसलेली ती विद्यार्थिनी कार्डांच्या तासांना पुन्हा उत्तरे द्यायला लागली. अजूनही ती सर्वात शेवटी कार्ड उचलते आणि मी 'दाखवा' म्हणण्याआधी आता तिच्या बाकाकडे पाहून घेते. सत्र संपेपर्यंत लाल कार्डांच्या कडा सर्वात आधी झिजतात, कारण पहिला पर्याय मी नकळत नेहमी मोहात पाडणाराच लिहीत आले आहे. हे माझ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आले आहे, त्यामुळे पुढच्या सत्रात पर्यायांचा क्रम बदलावा लागणार.